ओला दादरा

नोएडा,
१४ ऑगस्ट १९९३

ती. द्वारकाताईंना नीरजाचा नमस्कार.

आपली ओळख तुमच्या भाच्याच्या, मानसच्या मुंजीतली, तीही पंगतीच्या गडबडीतली. त्यामुळे हे पत्र कोणी लिहायचं यावर घरात दोन दिवस घोळ चालला. विश्वनाथ भावोजी तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा मायन्यापुढे गेले नाहीत. शेवटी तात्याराव म्हणाले, "धाकटीला लिहू दे, ती दुकानदारांना लिहितेच की." आमच्या सासऱ्यांचं बोलणं असंच. तर मी नीरजा, तुमच्या प्रभाची धाकटी जाऊ, आणि गेली दोन वर्षं धंद्यातली तिची भागीदार.

तुमचा पाय प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे तुम्हाला येता आलं नाही. तार मिळाली एवढंच तुमच्या कार्डावरून कळलं. सविस्तर कळवते. सत्तावीस जुलैला दुपारी जेवण झाल्यावर वहिनी आपल्या खोलीत आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. चेहरा शांत होता. दहाव्याला यमुनेवर कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, बाई समाधानाने गेल्या.

तुमच्या आईच्या खाराची बरणी तात्यारावांच्या सांगण्यावरून यमुनेत सोडली. प्रत्येक नव्या लोणच्यात त्या खाराची एक पळी घालायची आणि नवं मुरलं की एक पळी परत बरणीत, ही तुमच्या माहेरची रीत वहिनींनी इथे शेडमध्येसुद्धा सोडली नव्हती. आमच्या लिंबाच्या लोणच्याला करोल बागेत गिऱ्हाईक मिळालं ते त्या एका पळीमुळे. आता पळीही नाही आणि घालणारा हातही नाही. शेड बंद करावी असं मनात आहे.

पायाची काळजी घ्या.

आपली,
नीरजा

*

कऱ्हाड,
२ सप्टेंबर १९९३

सौ. नीरजा यांस नमस्कार.

पत्र मिळाले. अक्षर छान आहे तुमचे. मी चौतीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले, त्यामुळे नको तिथे अक्षराकडे आधी लक्ष जाते.

बरणी यमुनेत सोडली हे वाचून पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. तुम्हाला ठाऊक नसेल, आईच्या खाराच्या दोन बरण्या होत्या. एक प्रभाने लग्नात दिल्लीला नेली, एक माझ्याकडे राहिली. माझी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत फळीवरून पडली आणि फुटली. प्रभा म्हणाली होती, "ताई, रडू नकोस, माझ्यातला अर्धा पाठवते." म्हणजे आता कुठेच उरला नाही. आमच्या आजीच्या हातचे मीठ होते त्यात.

कावळा लगेच शिवला म्हणता. आश्चर्य वाटते. आमची प्रभा इतकी समाधानी कधीच नव्हती. लहानपणी पेढा दिला तरी डब्यात किती उरले ते विचारायची.

जाण्याआधी काही बोलली का? काही सांगितले का तुम्हाला? आठवून लिहा. आणि तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोणी काढल्या?

द्वारका

*

नोएडा,
२१ नोव्हेंबर १९९३

ती. द्वारकाताई,

उत्तराला उशीर झाला. यंदा घरात दिवाळी नव्हती, पण दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. हो, शेड चालू आहे. बंद करते असं तुम्हाला लिहिलं होतं ते विसरले नाही. पण लेबलं छापून आली होती, फळप्रक्रियेचं लायसन्स दीड वर्ष चपला झिजवून हातात पडलं होतं, आणि रामरतीसकट सहा बायका रोज सकाळी नऊला दारात उभ्या राहतात. त्यांना काय सांगायचं? गळ्यात पडलं झोंड, हसून केलं गोड, असं स्वतःला सांगते. खरं तर ते झोंडही नाही. मला हे काम आवडतं. सरकारी नोकराची बायको म्हणून वीस वर्षं नुसती बदल्यांची ट्रंक भरली, आता खोकी भरते आणि ती माझी असतात.

सेक्टर दहामध्ये आमची शेड आहे. पुढे पत्रा, मागे लिंबं धुवायचा हौद. पाटीवर 'प्रभा-नीरजा फूड प्रॉडक्ट्स' लिहिलं आहे. नाव बदलायला भावोजींनी पेंटर पाठवला होता, मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तुम्ही विचारलंत, वहिनी काही बोलल्या का. नाही बोलल्या. बांगड्या त्यांनी स्वतःच काढून ठेवल्या होत्या.

एक सांगू? हसाल. शेडमध्ये अजून त्या आहेत असं वाटतं. मीठ लावायला घ्यावं तर फोडींना आधीच मीठ लागलेलं असतं. परवा मी ओरडले, "किसने डाला?" तर रामरती म्हणाली, "बड़ी दीदी ने डाल दिया होगा," आणि लिंबं चिरायला लागली, जशी काही वहिनी आत्ताच हात धुवायला गेल्यात. ती रोज चहाचा एक कप जास्त ओतते. शिवाय बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधते मी, तो सकाळी ओला असतो. रोज. इथे आता हवा कोरडी झाली आहे, ओठ फुटतात, आणि दादरा मात्र पिळावा इतका ओला.

ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ साताऱ्याला जात आहेत, त्यांच्याबरोबर एक बाटली पाठवते. कशी वाटली ते कळवा.

नीरजा

*

कऱ्हाड,
९ डिसेंबर १९९३

सौ. नीरजा यांस,

बाटली मिळाली. दुपारी वरणभाताबरोबर एक फोड घेतली आणि ताटावरून उठले.

आमच्या आईच्या घरी बरणी चुलीवरच्या फळीवर असे. चाळीस वर्षे तिने धूर खाल्ला. त्या खाराला शेवटी, गिळताना, धुराची चव येते. बाहेरच्या माणसाला कळणार नाही. नोएडाच्या शेडमध्ये चूल नाही, गॅस आहे, असे प्रभाने मला लिहिले होते. मग ही चव कुठून आली?

आणि तुम्ही लिहिता, "बरणीच्या तोंडाला दादरा बांधते मी." कोणत्या बरणीच्या? नवे लोणचे तुम्ही प्लॅस्टिकच्या पिंपात घालता, हेही प्रभानेच लिहिले होते. चिनी मातीची बरणी तुमच्याकडे एकच होती.

ती यमुनेत गेलेली नाही. तुम्ही माझ्याशी खोटे बोललात. एक खोटे सापडले की मास्तरीण सगळी वही तपासते. माझी बहीण दुपारी जेवून झोपली होती का? कावळा शिवला होता का? बांगड्या ती फक्त लोणच्यात हात घालण्याआधी काढायची. झोपायला जाताना नाही.

खरे काय ते लिहा. नाहीतर पत्र लिहू नका.

द्वारका

*

(पोस्टकार्ड)

कऱ्हाड, ३ मार्च १९९४

तीन महिने झाले. माझा पाय बरा आहे. काठी लागते. पोस्टमन आता लांबूनच हात हलवतो, काही नाही म्हणून.

द्वारका

*

नोएडा,
२२ मे १९९४

ती. द्वारकाताई,

पाच महिन्यांत हे पत्र मी सात वेळा फाडलं. आज नाही फाडणार.

त्या दिवशी सकाळी वहिनी घरातून निघतानाच म्हणाल्या होत्या, "आज नको गं जायला. हाताला मुंग्या येतायत." दुसऱ्या दिवशी करोल बागचा टेम्पो यायचा होता, आमची आजवरची सगळ्यांत मोठी ऑर्डर. मी म्हटलं, "वहिनी, मुंग्या गोडाला येतात, लोणच्याला नाही. चला." त्या हसल्या आणि स्कूटरवर मागे बसल्या. ताई, मी त्यांना चेष्टा करत नेलं.

शेडमध्ये त्यांनी बांगड्या काढल्या, नेहमीच्या खिळ्याला अडकवल्या आणि मोठ्या पातेल्यात फोडी कालवायला बसल्या. शेजारी तुमच्या आईंची बरणी, दादरा सोडलेली. त्यातला थोडा खार आधी त्यांनी एका छोट्या बरणीत काढला, झाकणावर खडूने 'ताई' लिहिलं. म्हणाल्या, "कऱ्हाडला पाठवायचाय, किती दिवस राहिलंय." मी म्हटलं, "ऑर्डर होऊ द्या, मग पाठवा, आता खार कमी पडेल." त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. ही छोटी बरणी लक्षात ठेवा.

लाइट गेली. बायका बाहेर हौदावर होत्या. मी जनरेटर लावायला मागे गेले, चार-पाच मिनिटं लागली असतील. परत आले तर वहिनी पिंपाला टेकून बसल्या होत्या, डोळे उघडे, उजवा हात कोपरापर्यंत पातेल्यात. मी हाक मारली नाही. मला कळलं होतं. आणि ताई, मी आधी काय केलं ते ऐका. मी बरणीवर दादरा बांधला. नीट, दोन गाठी मारून. त्यानंतर ओरडले.

का बांधला? वहिनींनी दोन वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं, बरणी उघडी टाकून कुठेही जायचं नाही, म्हणून? की बरणी गेली तर धंदा गेला, हे तेव्हाही माझ्या डोक्यात होतं म्हणून? मला माहीत नाही. रोज विचारते स्वतःला. माझी थोरली जाऊ समोर मेलेली आणि मी गाठी मारत होते.

ताईंना त्रास नको, घरीच गेली म्हणून कळवा, असं भावोजी म्हणाले. त्यांनी तुमच्यासाठी म्हटलं. मी ते स्वतःसाठी उचलून धरलं.

ते पातेलं ओतून दिलं, एवढी लाज शिल्लक होती. तात्याराव म्हणाले, शेडमधलं त्या दिवशीचं सगळं टाका, बरणीसुद्धा. मी बाजारातून तशीच बरणी आणली, त्यात मीठपाणी भरलं आणि त्यांच्यादेखत यमुनेत सोडली. म्हाताऱ्याने हात जोडले. आणि दिवस झाल्यावर ती ऑर्डर पुरी करताना खार खरंच कमी पडला, तेव्हा छोट्या बरणीतला, तुमच्या नावाचा, मी पिंपात ओतला. झाकणावरचं 'ताई' पदराने पुसलं. म्हणजे तुमच्या वाटणीचा खार करोल बागेत विकला गेला.

आता कावळ्याचं. कावळा शिवला नाही. घाटावरच्या कडुलिंबावर तीन बसले होते. भावोजी म्हणाले, मानसला इंजिनीअर करीन. एकही हलला नाही. तात्याराव म्हणाले, अंबाबाईची ओटी भरू. हे म्हणाले, दादाला एकटं पडू देणार नाही. ऊन चढलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वहिनींना काय हवंय ते फक्त मलाच ठाऊक आहे. मी पुढे झाले, हात जोडले आणि म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं. मी शेड बंद करते."

एक कावळा खाली आला होता, पिंडापासून दोन हातांवर. माझं वाक्य पुरं झालं आणि तो उडाला. तिघेही उडाले, पार यमुनेपलीकडे. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

मला वाटलं, वहिनींना माझा शब्द खरा वाटला नाही. आणि बघा, खरा नव्हताच. शेड मी बंद केली नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडून त्याच माणसाच्या नावाची लेबलं चिकटवते आहे.

तेव्हापासून दादरा ओला. आता इथे लू चालली आहे, धुतलेली साडी दहा मिनिटांत कडकडीत वाळते. दादरा तेवढा ओला. बांगड्या मी खिळ्यावरून काढलेल्या नाहीत, हिंमत होत नाही. जनरेटर चालू झाला की त्या वाजतात हे समजू शकते. पण जनरेटर बंद असतानाही वाजतात. पहिल्यांदा भीती वाटायची. आता वाजल्या नाहीत की मी काम थांबवून ऐकत बसते. ह्यांना वाटतं मला डॉक्टरला दाखवावं.

एका मोठ्या हॉटेलकडून वर्षभराचं काम आलं आहे. शेजारची शेड घ्यावी लागेल. जुलैअखेर हो की नाही सांगायचं आहे. हे म्हणतात, घे. मी पेन उचलते आणि मला ते तीन कावळे दिसतात.

त्यांच्या माहेरचं तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्ही सांगा. बंद कर म्हणालात तर पहिल्या तारखेला कुलूप लावते आणि बरणी घेऊन कऱ्हाडला येते. मी खरंच करीन. या वेळी खोटं नाही.

नीरजा

*

कऱ्हाड,
२० जुलै १९९४

चि. नीरजा, आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन दीड महिना झाला. आता तुला 'तुम्ही' म्हणवत नाही, राग मानू नकोस.

पहिल्यांदा वाचले तेव्हा तुझा इतका राग आला की तुला लिहायचे एकच वाक्य मनात तयार होते, 'लाव कुलूप.' कागद घेतलासुद्धा. पण तुला उत्तर द्यायचे तर मला माझी ट्रंक उघडावी लागणार होती, आणि ती मी वर्षभर उघडली नव्हती. त्यात प्रभाचे शेवटचे पत्र आहे. तू सात वेळा फाडलेस, मी एकदाही न फाडता लपवले. त्यातला मजकूर उतरवून पाठवते. मूळ पत्र हातातून सोडवत नाही.

"१२ जुलै १९९३. ताई, एक गोष्ट फक्त तुला सांगते. गेला महिनाभर डावा हात जड होतो, छातीत दाबल्यासारखं होतं. गुपचूप सरकारी दवाखान्यात जाऊन आले. कार्डिओग्रामची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाला, काम बंद, जिने बंद, ताबडतोब अ‍ॅडमिट व्हा. मी म्हटलं, दिवाळीनंतर. ह्यांना सांगितलं नाही. आणि नीरजाला तर मुळीच कळता कामा नये, ती दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप लावील. वरून फटकळ आहे, पण आतून भित्री आहे गं, माझ्यावर जीव आहे तिचा. ताई, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुठल्या दारावर लागलंय. क्वार्टरच्या दारावर ह्यांचं असायचं, पत्रिकेत तात्यारावांचं. सकाळी स्कूटरवरून उतरले की आधी ती पाटी वाचते, रोज. मी गेले तरी चालेल, शेड बंद पडता कामा नये. पडली तर भूत होऊन येईन आणि मीठ लावून जाईन, सांगून ठेवते. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, कोणाला बोललीस तर. तुझा खार पाठवते, विसरले नाही."

हे पत्र मला अठरा तारखेला मिळाले. ती सत्तावीसला गेली. मधले नऊ दिवस माझ्याकडे होते, नीरजा. समोरच्याच दुकानात एसटीडी फोनचा पिवळा डबा आहे. पायाला प्लॅस्टर होते तरी रस्ता ओलांडण्यापुरती मी चालत होते. रोज खिडकीतून त्या डब्याकडे बघायची आणि म्हणायची, शपथ घातलीय तिने. धाकट्या बहिणीची शपथ मोडायला थोरलीला काय होत होते? मोडली असती तर ती माझ्याशी चार महिने बोलली नसती. एवढेच झाले असते.

तार आली आणि मला कोणीतरी गुन्हेगार हवा होता. तू सापडलीस. तू खोटे लिहिलेस तेव्हा तर मला बरेच वाटले, खरे सांगते. म्हटले, ही लपवतेय म्हणजे हिचेच काहीतरी आहे. माझे नऊ दिवस त्यात झाकले गेले. तू तिकडे ओला दादरा पिळत होतीस, आणि त्यावरचा उतारा माझ्या ट्रंकेत नऊवारी लुगड्याखाली होता.

कावळा का उडाला ते आता कळले ना तुला? अगं वेडे, ती खाली उतरत होती. आणि तू तिला काय सांगितलेस, बंद करते!

दादरा आधी बांधलास म्हणून जिवाला लावून घेतेस. आमची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, मनगट मोडले. उचलायला गेलेल्या प्रभाला ती पहिले वाक्य काय बोलली असेल? "आधी बरणी झाक, मग मला उठव." प्रभा तेव्हा नऊ वर्षांची. तिने आधी बरणी झाकली. ती तुला समोर बसून बघत असती ना, तर गाठ सैल बांधलीस म्हणून ओरडली असती.

मीठ हवेतले पाणी ओढते, दादरा ओला होतो, असे मी शाळेत शिकवायची. लू चालू असताना कसा होतो ते मला माहीत नाही. विचारू नकोस.

आता नीट ऐक. शेजारची शेड घे. बरणी घेऊन इकडे येऊ नकोस, तिथेच राहू दे. मला वाटीभर खार पाठव, मानस पुण्याला कॉलेजात येणार आहे त्याच्याबरोबर. वर्ष पुरे झाले, म्हणजे यंदा पितृपक्षात तिचे पान वाढायचे. सवाष्ण गेली, तेव्हा अविधवा नवमीला वाढ. आणि तोंड उघडशील तेव्हा या वेळी बरोबर बोल.

तुझी,
द्वारकाताई

*

नोएडा,
३० सप्टेंबर १९९४

प्रिय ताई,

मानसने खाराची छोटी बरणी पोचवल्याचं आणि तुम्ही तिथल्या तिथे बोट घालून चाटल्याचं कळवलं. "मावशी एकदम बच्चों जैसी रडली," असं त्याच्या त्या दिल्ली मराठीत लिहिलंय. झाकणावर खडूने 'ताई' मी लिहिलं होतं. अक्षर वहिनींसारखं येईना, मग माझंच राहू दिलं.

तुमचं पत्र मी शेडमध्ये वाचलं, पाटीखाली उभी राहून. वाचून झाल्यावर पहिली वहिनींची इतकी चीड आली! रोज माझ्या मागे स्कूटरवर बसायच्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि तो हात जड झालाय हे कऱ्हाडला कळवत होत्या. भावोजींना वाचून दाखवलं. ते उठून गॅलरीत गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "ती पाटी एकदा नीट रंगवून घे." दवाखान्यात बरोबर जायला मी मिळालो नाही का तिला, हे ते कोणाला विचारणार? तुमच्या त्या नऊ दिवसांबद्दल मी काही बोलणार नाही. आपण दोघी सारख्याच.

शेजारची शेड घेतली.

नवमीला पान वाढलं. घरी नाही, शेडच्या गच्चीवर. तात्याराव नको म्हणत होते, मग स्वतःच जिना चढून वर आले. वरणभात, अळूचं फदफदं, वडे, खीर, आणि डाव्या बाजूला लिंबाच्या लोणच्याची एक फोड, त्या बरणीतली. समोरच्या कारखान्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता. सगळे खाली बघत उभे राहिले. मग मी बोलले. हात जोडले नाहीत. म्हटलं, "वहिनी, मला सांगायचं होतंत. मी भित्री आहे, पण इतकी नाही. भांडले असते, अ‍ॅडमिट केलं असतं, आणि डबा घेऊन रोज हिशेब सांगायला आले असते. शेड बंद केली नसती. आताही करणार नाही. दुसरी घेतलीय. दोन्हींवर तुमचं नाव आहे, बघून जा."

तो उतरला. भाताकडे बघितलंही नाही त्याने, खिरीत पाय दिला आणि लोणच्याची फोड उचलली. तात्याराव म्हणाले, "कावळे आंबट खात नाहीत." तरी खाल्ली.

काल सकाळी नेहमीसारखी नऊला शेडवर गेले. रामरतीने चहा ओतला. तिने कप मोजूनच ओतले, एकही जास्त नाही. बांगड्या खिळ्याला तशाच होत्या. बरणीच्या दादऱ्याला हात लावला.

कोरडा होता, ताई. दोनदा लावून पाहिला. मग सोडून गालाला लावला. उन्हातून काढलेल्या फडक्यासारखा कोरडा, मिठाने कडक झालेला.

इतके दिवस मला वाटत होतं, हे एकदा थांबलं की मी सुटेन. आणि काल तो कोरडा दादरा हातात घेऊन उभी राहिले तेव्हा कळलं, चौदा महिने त्या इथेच होत्या. मी घाबरत होते, पण एकटी नव्हते. आता मात्र वहिनी खरंच गेल्या. त्या गेल्या त्या दिवशी मी रडले नव्हते, तेराव्यालाही नाही. काल पदर तोंडाशी नेला. मागून रामरती ओरडली, "दीदी, बरनी खुली है!"

मी आधी दादरा बांधला, दोन गाठी मारून. मग रडले.

तुमची,
नीरजा